चौथं बटण

आमच्या घरात कुठलीही वस्तू सरळ येत नाही, आधी तिचा अभ्यास होतो. मिक्सर घ्यायचा होता तेव्हा माझ्या नवऱ्याने, अवधूतने, त्याची एक्सेल शीट केली होती, आणि ती पुरी होईपर्यंत आम्ही विकतची चटणी खात होतो. त्यामुळे मी आता घरून काम करणार असं ठरल्यावर हा माणूस टेप घेऊन बेसमेंटमध्ये उतरला, याचं मला काही आश्चर्य वाटलं नाही. वैताग मात्र आला.

मी रेडिऑलॉजिस्ट आहे. लोकांचे एक्स-रे आणि सीटी स्कॅन बघायचे, काय दिसतंय ते माइकवर बोलायचं, बोललेलं आपोआप टाइप होतं, ते वाचून सही करायची. दोन वर्षं हेच काम मी मिशिगनच्या पार उत्तर टोकाला एका छोट्या हॉस्पिटलमध्ये करत होते. आठवडाभर तिकडे भाड्याच्या खोलीत, आणि शनिवार-रविवार ॲन आर्बरला घरी. इला, आमची मुलगी, तेव्हा बालवाडीतून पहिलीत आली. शनिवारी तिला कुठे खरचटलं की ती मी बसलेल्या सोफ्याला वळसा घालून बाबाकडे जायची. मी हसून सोडून द्यायचे आणि रविवारी परत जाताना गाडीत रडून घ्यायचे. पाच तासांचा रस्ता होता, रडायला मुबलक वेळ मिळायचा.

म्हणून दूर पश्चिम किनाऱ्याकडच्या बेलव्ह्यूच्या एका कंपनीने घरून काम देऊ केलं तेव्हा मी पगारही नीट न विचारता हो म्हटलं. अट एकच होती. उन्हाळा येईपर्यंत चाचणी. माझे रिपोर्ट दुसरे डॉक्टर तपासणार, चुका फार निघाल्या किंवा वेग कमी पडला की पक्कं कॉन्ट्रॅक्ट नाही. म्हणजे परत उत्तरेला, परत ती खोली. कंपनीची हिमानी सगळं शेड्यूल बघायची. ती नागपूरची, बोलायला मोकळी. पहिल्याच फोनवर म्हणाली, "टेन्शन घेऊ नको गं. पण खरं सांगू का, आधीच्या दोघांना आम्ही ठेवलं नाही."

टेन्शन घेऊ नये म्हणून इतकं छान कारण मला आजवर कुणी दिलं नव्हतं.

अवधूतने बेसमेंटच्या कोपऱ्यात पार्टिशन घालून खोली काढली. भिंतींना राखाडी रंग दिला, कारण पांढऱ्या भिंतीचा उजेड स्क्रीनवर पडतो. तीन मॉनिटर, मधला माझ्या नाकासमोर. पायाशी एक पेडल, ते दाबलं की माइक चालू. माझ्या आईच्या शिलाई मशीनलाही असंच होतं, फक्त त्यातून निदान ब्लाउज तरी निघायचा. माझा कोपर बरोबर काटकोनात येतोय का हे त्याने स्वतःच्या जुन्या कंपासपेटीतल्या कोनमापकाने मोजलं. इला शेजारी उभी राहून "बाबा, शी इज मूव्हिंग" म्हणून तक्रार करत होती.

"वन टच," अवधूत म्हणाला. "कुठल्याही गोष्टीला एकदाच हात लागला पाहिजे. दोनदा लागला की वेस्ट."

"चहाच्या कपाला किती वेळा लावू?"

"चहा वरती प्यायचा. इथे लिक्विड नाही."

टेबल वर-खाली होणारं होतं आणि त्याला उंची लक्षात ठेवणारी चार बटणं होती. पहिलं माझ्या बसण्याचं, दुसरं माझ्या उभं राहण्याचं. तिसरं अवधूतचं, का तर त्याला राहवलं नाही. चौथं रिकामं. लेबल काढायच्या मशीनने त्याने तिन्हींना नावं चिकटवली आणि चौथ्यापाशी थांबून म्हणाला, "असू दे. कधीतरी लागेल."

जानेवारीत काम सुरू झालं. बाहेर गुडघाभर बर्फ, आत मी आणि अनोळखी माणसांच्या बरगड्या. सकाळी इलाला बसमध्ये बसवायचं, खाली उतरायचं, बोट टेकवून कॉम्प्युटर उघडायचा आणि यादी संपवत बसायचं. दुपारी इला आली की वर. खरंच सुखाची गोष्ट होती. फक्त मी हळू होते. मला एकेक स्कॅन दोनदा बघायची सवय, आणि यादी गुळावरच्या मुंग्यांसारखी वाढत राहायची. पहिल्या महिन्याचे आकडे आले तेव्हा हिमानी नुसतं "हं" म्हणाली.

त्याच सुमारास टेबलाने चाळे सुरू केले.

मी चहा पिऊन खाली आले की ते चार बोटं वर चढलेलं असायचं. मी बटण दाबून खाली आणायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मी अवधूतला झापलं. तो ऑफिसमध्ये होता, फोनवर म्हणाला, "मी इकडे बसून टेबल कसं हलवणार?" मग म्हणाला, "मोटर ड्रिफ्ट होत असेल, आपोआप सरकते ती." मोटर ड्रिफ्ट होते हे मी मान्य केलं. पण माउस कसा ड्रिफ्ट होतो? तो उजव्या बाजूला ठेवून मी जायचे आणि आल्यावर डाव्या बाजूला असायचा. इलाला विचारलं तर ती म्हणाली, "आय वॉज इन स्कूल, मॉम," आणि ते खरंच होतं.

आणखी एक. बेसमेंटला थंडी असते, हीटर लावूनही पाय गार पडतात. पण मी वरून आले की खुर्चीची बैठक कोमट असायची. कुणी नुकतंच उठून गेल्यासारखी. मला भीती वाटायला हवी होती हे मला कळतं. मला राग आला. स्वतःच्या खुर्चीत दुसऱ्याची ऊब आली तर कुणालाही किळस येते, आणि मी तर ती खुर्ची मुद्दाम निवडून घेतलेली.

मग एका दुपारी मी वरून आले तर यादीतले सहा-सात रिपोर्ट लिहून तयार होते. सही तेवढी बाकी होती.

मी एकेक उघडला. माझीच वाक्यं होती. माझी एक खोड आहे, काही सापडलं नाही तरी मी आधी हृदयाबद्दल बोलते आणि मग फुप्फुसांबद्दल, बाकी सगळे उलट करतात. इथेही आधी हृदय होतं. मी सगळे स्कॅन पहिल्यापासून बघितले, एकही चूक सापडली नाही. उलट एका आजोबांच्या डोक्याच्या स्कॅनमध्ये कवटीला चिकटून रक्ताची केसासारखी रेघ होती, ती लिहिलेली होती. मी ती पाहिली ती रिपोर्ट वाचल्यावर. नुसता स्कॅन बघून मला दिसली असती का? देव जाणे. मी हॉस्पिटलला फोन केला, आजोबांना तातडीने हलवलं, आणि मी सही केली.

पुढच्या आठवड्यात हिमानीचा फोन. "आश्लेषा, काय खातेस तू? ते रक्त पकडलंस ना, आमचे इथले सगळे खूश आहेत. स्पीड पण मस्त वाढलाय. असंच चालू राहिलं तर तू पक्की, समज."

मी थँक यू म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

आता माझ्या डोक्यात एक खूळ शिरलं की मी झोपेत बोलते तशी जागेपणीही काम करून विसरत असेन. डॉक्टर असल्याने अशा वेळी स्वतःवर शंका घ्यायची सवय असते. ती तपासायची सोय होती. आपण माइकवर जे बोलतो त्याचा आवाज तो प्रोग्रॅम काही दिवस जपून ठेवतो. त्या आठवड्यात एकदा बर्फामुळे शाळेला सुट्टी मिळाली होती आणि मी दुपारभर वर इलाबरोबर होते, हे मला पक्कं आठवत होतं. त्या दुपारचे रिपोर्ट मी उघडले आणि हेडफोन लावून ऐकायला बसले.

माझा आवाज होता. जरा स्वच्छ, जरा घाई नसलेला, पण माझा. एका बाईच्या पोटाच्या स्कॅनबद्दल बोलत होता. बोलण्यामागे एक घरघर येत होती, थांबून थांबून. मला ती ओळखायला वेळ लागला नाही. वरचा मिक्सर. मी ओलं खोबरं फिरवत होते.

मिक्सर थांबला. आवाज मूत्रपिंडांपर्यंत पोचला. तेवढ्यात फार लांबून, छतापलीकडून, माझाच दुसरा आवाज आला: "इला, हात धुतलेस का?"

खालचा आवाज बोलता बोलता थांबला. मग माइकच्या अगदी जवळ, हसू दाबत म्हणाला, "धुतले नसतील."

आणि पुन्हा मूत्रपिंडं.

मी हेडफोन काढून ठेवला. मला आठवलं की इलाने त्या दिवशी खरंच हात धुतले नव्हते.

मी अवधूतला सगळं सांगितलं. जेवायला बसलो होतो, इला शेजारच्या मैत्रिणीकडे गेली होती. त्याने नीट ऐकून घेतलं, हे त्याचं चांगलं आहे. मग त्याने वरण वाढून घेतलं आणि म्हणाला, "म्हणजे तू वर असताना पण काम होतंय."

"अवधूत, कुणीतरी आहे खाली."

"क्वालिटी कशी आहे?"

"माझ्यापेक्षा बरी."

"सही कोण करतं?"

"मी. सगळं वाचून करते."

"मग प्रॉब्लेम काय आहे, आशू? ऑडिओ ओव्हरलॅप झाला असेल, प्रोफाइल करप्ट असेल, बघतो मी वीकेंडला. पण चाचणी संपेपर्यंत सेटअपला हात लावायचा नाही. चालू सिस्टीम बिघडवायची नसते."

याचा मला इतका संताप आला की मी त्याला पापड दिला नाही. पण खरं सांगते, तो चूक बोलला असं मला वाटलं नाही. मला परत त्या उत्तरेच्या खोलीत जायचं नव्हतं. तिथली पंखा लावल्यासारखी घुमणारी फ्रिजची मोटर आणि शनिवारी सोफ्याला वळसा घालणारी माझी मुलगी, यापेक्षा खाली बसून कुणी नीट काम करत असेल तर करू दे, असं मी स्वतःला समजावलं.

दुसऱ्या दिवशी मी खाली गेले. टेबल वर चढलेलं होतं, माउस डावीकडे. लहानपणी मीही डावखुरी होते. आईने रोज हातावर चापट मारून मला उजव्या हाताने जेवायला आणि लिहायला लावलं. टेबलाची उंचीही, म्हटलं तर, जुळत होती: शाळेत असताना डॉक्टरांनी मी जितकी उंच होईन म्हणून सांगितलं होतं आणि मी झाले नव्हते, तितक्या उंच बाईला लागेल तेवढीच. मी टेबल त्या उंचीवर तसंच ठेवलं आणि चौथं बटण दाबून धरलं. टेबलाने बारीक शिट्टी दिली. उंची लक्षात राहिली.

"घ्या," मी रिकाम्या खोलीला म्हणाले. "रोज शोधत बसू नका. एका टचचं काम."

मग जे दिवस आले ते माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले होते, आणि हे मला लपवायचं नाही. मी सकाळी खाली जाऊन थोडं काम करायचे, दहाच्या चहाला वर यायचे आणि वरच राहायचे. दुपारी बसच्या थांब्यावर इलासमोर उभी असायचे. तिला घेऊन लायब्ररीत गेले, टेकडीवरून प्लास्टिकच्या ताटावर बसून घसरले, माझं माकडहाड अजून दुखतं. तिला थालीपीठ थापायला शिकवलं, तिने त्यात चॉकलेट चिप्स घातल्या. संध्याकाळी खाली जाऊन मी तयार रिपोर्ट वाचायचे आणि सह्या करायचे.

फेब्रुवारी सरता सरता मी थोडे कमी वाचू लागले. चुका नसायच्याच.

मार्चमध्ये कॉम्प्युटरने माझं बोट घ्यायचं नाकारलं. "ट्राय अगेन." मी पुसून टेकवलं. "ट्राय अगेन." थंडीत कातडी कोरडी पडली की असं होतं, मी व्हॅसलीन लावलं, अर्धा तास हातमोजे घालून बसले. तेव्हा कुठे उघडला. आत गेले तर सगळ्या रिपोर्टवर सह्या झालेल्या होत्या.

त्याच दिवशी इला बसमधून उतरली, माझा हात धरून घरी आली, बूट काढले आणि धाडधाड बेसमेंटचा जिना उतरली. मला वाटलं खेळणं आणायला गेली. बराच वेळ आली नाही. मी जिन्याच्या तोंडाशी गेले तर ती खालच्या बंद दारापाशी बसून दाराला काहीतरी सांगत होती. शाळेतल्या कुणा मुलीचं भांडण.

"इला, कोणाशी बोलतेस?"

"मॉम," ती म्हणाली. तिने मला हाक मारली की माझ्या प्रश्नाचं उत्तर दिलं, हे मी तिला विचारलं नाही. मला विचारावंसं वाटलं नाही.

मी चौथ्या बटणात साठवलेली उंची पुसायला खाली गेले. अवधूतने माहितीपत्रक जपून ठेवलं होतं, त्यात दिल्याप्रमाणे दोन बटणं एकदम दाबली. टेबल खाली गेलं, वर आलं आणि चार बोटं जास्तीच्या उंचीवर येऊन थांबलं. मी पहिलं बटण दाबलं. टेबल तिथेच. त्यावरचं माझ्या नावाचं लेबल मात्र शाबूत होतं.

खुर्ची कोमट नव्हती. गरम होती.

दुसऱ्या दिवशी रात्री मी अवधूतला म्हटलं, "हे सगळं काढून टाकू. मी हॉस्पिटलला फोन करते, जाईन परत तिकडे. शनिवारी-रविवारी येत जाईन."

 त्याने चष्मा काढून पुसला, परत घातला.

"अगं, पण तू तर मघाशी म्हणालीस, उन्हाळ्यात इलाला घेऊन भारतात जाऊ, आता जॉब पक्का आहे."

"कधी म्हणाले?"

"मघाशी. खालून आलीस तेव्हा."

मी दिवसभर खाली गेले नव्हते.

सकाळी मी हिमानीला फोन लावला. नोकरी सोडते असं सांगणार होते. तिने मला बोलूच दिलं नाही. "अभिनंदन परत एकदा! आत्ताच तर बोललो ना आपण. चाचणी संपायच्या आधीच पक्की झालीस, कॉन्ट्रॅक्टवर तुझी सही पण आली. काय गं, काही राहिलं का?"

"नाही," मी म्हणाले.

"आवाज बसलाय का तुझा? मघाशी किती छान होता."

मी फोन ठेवला. स्वयंपाकघरात होते. पायाखालून, जमिनीतून, एक ओळखीची लय येत होती. पेडलचा टक, बोलणं, पेडलचा टक, बोलणं. आधी हृदय, मग फुप्फुसं.

मी जिना उतरले. दार आतून लावलेलं होतं. मी कडी हलवली. आतलं बोलणं थांबलं, नम्रपणे, काम करणाऱ्या माणसाला कुणी मध्येच अडवलं की थांबतं तसं.   थोड्या वेळाने पेडल परत वाजलं.

दुपारी मी बसच्या थांब्यावर गेले नाही. ओट्याशी खीर ढवळत राहिले.

इला एकटी आली. बूट जागेवर ठेवले, सरळ खाली गेली. दार उघडल्याचं ऐकू आलं. हसणं ऐकू आलं, दोघींचं. मग दार लागलं आणि ती वर येऊन स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली.

मी तिच्यासाठी साबुदाण्याची खीर केली होती. वाटी तिच्यासमोर ठेवली. ठेवताना थोडी सांडली.

"इला," मी म्हणाले, "बघ ना माझ्याकडे."

तिने बघितलं. छान, मोकळं हसली. घरी आलेल्या मोठ्या माणसांशी कसं वागायचं हे आम्ही तिला चांगलं शिकवलंय.

तिला चमचा हवा होता. मी ओट्याखालचा ड्रॉवर उघडला. त्यात चमचे नव्हते. दुसरा उघडला, त्यातही नव्हते. मी तिसऱ्याला हात घातला तेव्हा इलाने खुर्चीतूनच बोट दाखवलं.

"स्पून्स आर इन दॅट वन, मावशी."